मुली मोजल्या की छेद वाढतो

७ फेब्रुवारी १९८८, रविवार

काकांनी आज भर सभेत माझं नाव घेतलं. विचारलं नाही, थेट घेतलं!

देवळासमोर भावकी बसली होती. भांडण दरवर्षीचंच — चैत्री पुनवेला गावदेवीची पालखी मुक्कामाला कुणाच्या घरी? थोरलं घर, मधलं घर, धाकटं घर, तिघांनी आळीपाळीने वर्ष घ्यायचं, एवढं सगळ्यांना मान्य. पण प्रत्येक घरात भाऊ, भावांचे मुलगे, त्यांचे वाटे. गोंधळ तिथे. यंदा वर्ष मधल्या घराचं, म्हणजे आमचं. म्हणजे कमळाकरकाकांचं — असं काका म्हणतात. बाबा गेल्यापासून आमचा वाटा त्यांनी आपल्यातच धरलाय. मधुकरला, म्हणजे बाबांना, मुलगा नाही, मग वाटा भावाचा. विषय संपला!

थोरल्या घरातून कुणीतरी कुरकुरलं, की गेल्या दोन्ही वेळी पालखी तुझ्याकडेच होती. तसे काका उठले. "आमची वैशू वाशीला कंप्युटर शिकतंय. तिला सांगू हिशेब कराला. मशीन काय कुनाचा मिंधा नाय. मशीन खोटा बोलत नाय!" सगळे खूष. देवजी आजोबांनी मान हलवली. भावकीत सगळ्यांत मोठे तेच, त्यांनी मान हलवली की ठरलं.

बाबा होते तेव्हा पालखी दोनदा आमच्या घरी राहिली. आता दारात थांबते ती ओटी भरण्यापुरती. आई विधवा, म्हणून ओटीही काकांची बायको, केशरकाकू, येऊन भरते. ओटी भरणारी बाई मागे सरेपर्यंत पालखी उचलायची नाही अशी रीत आहे. बाकीच्या दारांत बायका सावकाश भरतात, काहीतरी मागतात, डोळे पुसतात. आमच्या दारात काकू चार तांदूळ टाकते आणि सरते. पालखी पुढे. आई आत चुलीपाशी उभी.

मला पालखी आईच्या घरात हवी आहे. यंदा. बस्स.

८ फेब्रुवारी

काय योग! सुनीती मॅडमनी आज नेमका हाच अभ्यास दिला. सी भाषेत व्यवहारी अपूर्णांक — बेरीज, वजाबाकी, लहानमोठं ठरवणं. "उदाहरण तुमचं तुम्ही शोधा." नंदकिशोरने केक घेतला. कापायचा आणि वाटायचा. मी पालखी घेतली.

बसमध्ये रीत जमवली. प्रत्येकाच्या नावावर दरवर्षी त्याचा वाटा साठत जाणार. ज्याचा साठा सगळ्यांत मोठा, त्याची पाळी. पाळी झाली की त्याच्या साठ्यातून एक वजा. एवढंच! भावकी इतकी वर्षं एवढ्यासाठी गळे काढतेय?

११ फेब्रुवारी

एवढंच नाही.

देवजी आजोबांचं नाव घालून चालवलं. थोरल्या घराचा एक तृतीयांश, भाऊ चार, म्हणून त्यांचा एक बारांश. पहिली चार वर्षं बरी गेली. पाचव्या वर्षी छेद आला — उणे तेरा हजार तीनशे बारा! नंदकिशोर एवढा हसला की शेजारच्या बॅचचे बघायला आले. "तुझे आजोबा निगेटिव्हमध्ये गेले, वैशाली!"

हसू दे. त्याच्या केकचे तुकडे मी मोजलेत. केकपेक्षा जास्त भरतात.

१२ फेब्रुवारी

मॅडम दादरहून खाडीपूल ओलांडून येतात आणि पर्स ठेवायच्या आधी कागद मागतात. हिरव्या शाईने तपासतात. माझ्या कागदावर हिरवंगार रान.

चूक कळली. मी छेदाला छेदाने नुसती गुणत गेले. बारा गुणिले बारा, पुन्हा बारा, पुन्हा बारा. इंटमध्ये, म्हणजे सीच्या पूर्णांकाच्या खणात, बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या वर मावत नाही. त्याच्या पुढे गेलं की आकडा उलटा होऊन उण्यात पडतो. मॅडम म्हणाल्या, "शाळेत अतिसंक्षिप्त रूप शिकलीस ना? ते मार्कांसाठी नव्हतं."

म्हणजे प्रत्येक बेरजेनंतर मसावि काढून वर-खाली भागायचं. सहावीत मसावि लसाविने रडवलं होतं. आता बघते त्यांच्याकडे.

१६ फेब्रुवारी

देवजी आजोबा ताळ्यावर आले. एकवीस वर्षं चालवली — आमचे आजोबा गेले त्या वर्षापासून — एक आकडा हलला नाही. नंदकिशोरला दाखवलं. "चालतंय ना? मग सबमिट कर, टेन्शन कशाला?" म्हणाला.

अजून मधलं घर घालायचंय.

१९ फेब्रुवारी

घातलं. मशीन बंद पडलं.

पडणारच! काकांनी सांगितलेला नियम जसाच्या तसा लिहिला होता — बापाचा वाटा भागिले मुलगे. काकांच्या नावापर्यंत नीट चाललं. मग बाबांचं नाव आलं. मुलगे शून्य. शून्याने भागायला गेलं आणि पडद्यावर एक ओळ टाकून गप्प झालं. पुन्हा चालू केलं, पुन्हा तिथेच. अख्ख्या भावकीत नेमकं आमच्या दारात येऊन मरतंय!

मला रडू आलं. मग राग आला. मी काय शून्य आहे?

२० फेब्रुवारी

नंदकिशोरचा सल्ला — "छेद शून्य असेल तर उत्तर शून्य दे. सिंपल!" केलं तसं. चाललं. आणि यादीत पहिलं नाव कुणाचं? कमळाकर!

बसले बघत. काका एकवीस वर्षांत चार वेळा पालखी घेऊन बसलेत, वाटा एक षष्ठांश. साडेतीन वजा चार — साठा उणे एक द्वितीयांश. उणे! हा माणूस सगळ्यांच्या खाली हवा. वर कसा?

२२ फेब्रुवारी

मॅडमनी बोट ठेवलं. माझ्या मसाविचं उत्तर कधीकधी उणं येतं. त्याने भागलं की अंशाचं उणे चिन्ह खाली छेदात जातं. मग दोन अपूर्णांकांची तुलना करताना तिरकस गुणाकार उलटा पडतो, आणि ज्याने सगळ्यांत जास्त घेतलं तोच सगळ्यांत भुकेला दिसतो. "उणेपण नेहमी वर, अंशात ठेवायचं. दिसलं पाहिजे." एका ओळीचं काम. काका धाडकन तळाला.

मग त्यांनी विचारलं, "सगळ्या वाट्यांची बेरीज केलीस?" नव्हती केली. केली. पाच षष्ठांश.

"एक यायला हवी. नाही आली म्हणजे कुणीतरी सुटलंय."

मला माहीत आहे कोण सुटलंय. एक षष्ठांश. आईच्या घराएवढा.

२४ फेब्रुवारी

सोपं होतं की! एक अट घातली — मुलगा नसेल तर मुलगी मोज. बाबांचे मुलगे शून्य, मुलगी एक. भागिले एक. बेरीज एक आली! आणि यादीत सगळ्यांच्या वर आमचं घर, साठा तीन द्वितीयांश. दुसरं कुणी जवळपासही नाही.

छापून घेतलं. प्रिंटर करकर करत होता आणि मला त्याची पापी घ्यावीशी वाटत होती. घरी आईला दाखवलं. इंग्रजी अक्षरं तिला वाचता येत नाहीत. "यात मधूचा नाव कनचा?" मी बोट ठेवलं. तिने पदराने कागद पुसला. त्यावर धूळ नव्हती.

संध्याकाळी ओट्याला चुना लावायला घेतला बाईने!

२६ फेब्रुवारी

हिरवी शाई. फक्त एका ठिकाणी, त्या अटीखाली.

"ही अट कुणासाठी लिहिलीस?"

मी म्हटलं, ज्यांना मुलगा नाही त्यांच्यासाठी. "अशी घरं किती?" एक. "आणि मुलगे असलेल्या घरांतल्या मुली?" मॅडम म्हणाल्या, "एका घरासाठी लिहिलेली अट ही अट नसते, वैशाली. वशिला असतो."

त्यांना काय जातंय! दादरला फ्लॅटमध्ये राहतात. त्यांच्या दारातून पालखी न थांबता कधी गेली नाही.

३ मार्च

होळी. गेले नाही. काकांनी हाक मारली, "काय मॅडम, मशीन काय बोलतंय?" नमस्कार केला आणि दार लावलं.

५ मार्च

आठवडा झाला, त्या कागदाला हात लावला नाही. पण मॅडमचा प्रश्न जात नाही. गोजरा आत्या कुठे आहे माझ्या प्रोग्राममध्ये? बाबांची सख्खी बहीण, करावेला दिलेली. मुलगे असतील तर मुली मोजू नका, हा नियम मीच लिहिलाय. काकांचा तर निदान काकांचा होता. माझा मी शिकून लिहिला!

अट खोडली. आता सगळीकडे एकच — भागिले मुलं. मुलगे अधिक मुली. सगळ्या घरांत, सगळ्यांच्या.

६ मार्च, रविवार

गावभर मुलींची नावं गोळा करत फिरले. मुलग्यांची नावं घडाघडा येतात, खापरपणजोबांपर्यंत. मुलींचं विचारलं की बोटं मोजतात, मग एकमेकींकडे बघतात. एकीने स्वतःच्या दोन मुली सोडून पुतण्यांचीच नावं सांगितली.

आमच्या आजोबांनाही एक बहीण होती म्हणे. नाव कुणालाच आठवेना. भागीरथी आजीकडे गेले. देवजी आजोबांची बायको, गावच्या बायकांत सगळ्यांत जुनी. म्हणाली, "व्हती एक. द्रोणागिरीच्या पायथ्याला दिली व्हती, उरनकडं. गेली ती त्या घरची झाली. नाव कोन ठेवतंय ध्यानात?"

मग करावेला. आत्या दारात जाळं सांधत बसली होती. सगळं समजावलं. हसायलाच लागली. "माजा वाटा? मना कोन इचारतंय गो?" मी म्हटलं, मी विचारतेय. सुई जाळ्यात तशीच राहिली. जाताना सुकट बांधून दिली.

९ मार्च

मुली मोजल्या आणि इंट फुटला! छेद इतके वाढले की मसाविनेही मावेनात. पुरुषांपुरतं मशीन पुरत होतं, बायका आल्या की जागा नाही. नंदकिशोरला हे सांगितलं तर तो हसला नाही. म्हणाला, "लाँग कर ना मग." मुलगा अगदीच वाया गेलेला नाही.

लाँग केलं, म्हणजे इंटच्या दुप्पट जागेचा खण. शिवाय मॅडमनी दाखवलं तसं गुणायच्या आधीच तिरकस छेद देऊन घेतला. वाट्यांची बेरीज — एक. पुरी एक!

यादी अशी. मधल्या घराचा एक तृतीयांश आता तिघा भावंडांत, प्रत्येकी एक नवमांश. गोजरा आत्या, साठा सात तृतीयांश, सगळ्यांच्या वर. आमच्या घराचा एक तृतीयांश. काका उणे पाच तृतीयांश. पाळी आत्याची. यंदाही, पुढच्या फेरीलाही. आमचा नंबर चौऱ्याण्णवला!

तीनदा चालवलं. तेच.

१० मार्च

मॅडमनी पूर्ण कागद वाचला, शेवटी बरोबरची खूण केली. एकच सांगितलं. आजोबांच्या बहिणीचं नाव मिळालं नाही ना? मग लपवू नकोस. प्रोग्रामच्या वर शेरा लिही, की आजोबांची एक बहीण यात नाही, नाव मिळालं नाही.

लिहिला. कधी नव्हे ती शाबासकी मिळाली आणि मला घरी जावंसं वाटेना.

१३ मार्च, रविवार

आईला सांगितलं. चुना लावून झालेल्या ओट्यावर बसून सांगितलं. तिने सगळं ऐकलं. म्हणाली, "काकानं दार लावला. तू तं तुज्या हातानं पुसून टाकलास."

मी म्हटलं, आई, खोटं करून आणलेली पालखी तुला चालेल? "चालंल," म्हणाली. एका क्षणात! आणि आत गेली.

असंच असतं खरं. मला वाटलं होतं खरं सांगितलं की हलकं वाटतं. अजिबात नाही. पण परत चालवलं तरी मी हेच लिहीन.

१७ मार्च

आई बोलत नाही. ताट वाढते, बोलत नाही. उद्या पाडवा.

२० मार्च, रविवार

सभा झाली. लांबलचक कागद घेऊन उभी राहिले. नियम सांगितला, मग नावं वाचली. पहिलं नाव वाचलं — गोजरा. मग एकदम कालवा!

"करावेची बाय हिकडं पाली घेल?" "पालखी शिवंच्या भायेर जात नाय!" "आमच्या पन मुली मोजल्यान? कोनी सांगितला व्हता?" काका लालबुंद. "मशीन बिघडलाय!" मी म्हटलं, मशीन तेच आहे काका, खोटं न बोलणारं. तुम्हीच सांगितलंत. मागून कुणीतरी खुदकन हसलं. बायकांकडून.

काका म्हणाले, "तुजा काय जातंय? उद्या लगीन करून जाशील." मी म्हटलं, जाईन. आणि गेले तरी एक नवमांश इथेच राहील!

देवजी आजोबांनी कागद हातात घेऊन वरून खाली बघितला. मग म्हणाले, मुलींना पाळी देण्याची चाल नाही, पालखी कमळाकरकडे. ठरलं. संपलं. कागद घडी करून घेऊन आले. घरी येताना काकू ऐकू जाईल असं बोलली, "शिकवा अजून पोरींना."

मी मागे हटणार नाही. हरले आहे, पण मागे हटणार नाही.

२७ मार्च, रविवार

आई सकाळीच कुठेतरी गेली. दुपारी आली. पदराला सुकटीचा वास. विचारलं तर म्हणाली, "आमटीला मीठ टाकलास का?" चौदा दिवसांत तिचं माझ्याशी पहिलं वाक्य.

३ एप्रिल, रविवार

काल पुनव. आज सगळं लिहून ठेवते.

दिवेलागणीला पालखी निघाली. ताशे, गुलाल. आमच्या दारात येण्याआधी केशरकाकू तांदळाचं ताट घेऊन पुढे झाली. आई उंबऱ्यात उभी होती. उंबऱ्यात! म्हणाली, "केशर, तू रहा. आज घरची बाय हाय." आणि आतून गोजरा आत्या आली. हिरवं लुगडं, नाकात नथ, हातात ओटी. कधी आली, कुठून आली, मला पत्ता नाही. मागच्या दाराने आणली होती आईने.

कुणी अडवणार कसं? माहेरवाशीण आहे, सवाष्ण आहे, बापाच्या दारात देवीची ओटी भरतेय. तिने खण ठेवला. नारळ ठेवला. तांदूळ घातले. हळद, कुंकू. हात जोडले. आणि मागे सरली नाही.

ताशे थांबले. काका म्हणाले, "झाली ना ओटी? सर मागं."

"नाय सरत," आत्या म्हणाली. "माजी पाली हाय. मशीननं काढलीय."

"तू करावेची!"

"मी या घराची. शिवंच्या भायेर नेत नाय मी देवीला. माजा माहेर हिथंच हाय, वयनीच्या घरात."

भोई खांद्यावर पालखी घेऊन उभे. घाम पुसायला हात मोकळा नाही बिचाऱ्यांचा. काका ओरडले, उचला रे! कुणी पाऊल टाकेना. सगळे देवजी आजोबांकडे बघायला लागले. आजोबांनी काठी जमिनीवर टेकली, काकांकडे बघितलं, आत्याकडे बघितलं. "ओटी भरनारी सरत नाय तवर पालखी हलत नाय. ही रीत माजी नाय, बापजाद्यांची हाय," म्हणाले. आणि आमच्याच ओट्यावर बसले! चुना धोतराला लागला.

थोड्या वेळाने काका निघून गेले. पालखी आत आली.

आईने बाबांच्या फोटोखाली पाट मांडला. तो आधीच धुऊन ठेवलेला होता. मी जवळ गेले तर माझा हात धरून म्हणाली, "पाली गोजराची हाय, ध्यानात ठेव. माजी चौऱ्यान्नवला. तुज्या कागदात तसाच हाय ना?"

हो आई. तसंच आहे.

४ एप्रिल

सकाळी भागीरथी आजी काठी टेकत दारात आली. बसली नाही. म्हणाली, "पुतळा. तुज्या आज्याच्या भयनीचा नाव पुतळा व्हता. राती आठवला. लिव." आणि गेली.

प्रोग्रामच्या वरचा शेरा खोडला. मधल्या घरात आता आजोबांच्या जोडीला पुतळा, म्हणून आजोबांचा वाटा अर्धा. आत्याचा कमी, आमचाही कमी, चौऱ्याण्णव तर केव्हाच हुकलं. सगळं पहिल्यापासून चालवायचं.

आईला सांगितलं. म्हणाली, "मंग बस लवकरची पकड."